भाव पडत नाही, पण गिऱ्हाईकही मिळत नाही

वर एकांनी लिहिलंय की वय तिशीच्या आत असेल तर बिनधास्त प्लॉट घ्या, जमिनीचा भाव काही पडत नाही. वयाचा मुद्दा मला अर्धाच पटतो. जोखीम पेलण्याची ताकद वयापेक्षा तुम्ही किती दिवस थांबू शकता यावर जास्त ठरते.

आमच्या आबांनी कपाशीच्या पैशातून भुसावळ रस्त्याला प्लॉट घेतला होता. भाव खरंच वाढला. पण आईच्या ऑपरेशनला पैसे लागले तेव्हा तो विकायला चौदा महिने गेले. प्लॉट एनए (बिगरशेती) नव्हता, सातबाऱ्यावर सगळ्यांची नावं सामायिक. अशा प्लॉटला बँक कर्ज देत नाही, म्हणजे गिऱ्हाईक रोखीवालाच हवा. आणि आपल्याकडे रोख कापूस-केळीला भाव असेल तेव्हाच फिरते. नेमकं त्या वर्षी दोन्ही पडले होते. शेवटी मामांकडून उसने घेऊन ऑपरेशन केलं. ते दिवस आठवले की अजून पोटात गोळा येतो.

म्हणून इसार देण्याआधी एवढंच बघा: हा पैसा दोन वर्षं अडकला तर घर चालेल का? शेती आणि प्लॉट दोन्ही एकाच पावसावर अवलंबून असतील तर जोखीम दुप्पट होते. आणि 500 चौरस मीटरच्या वरचा लेआउट असेल तर महारेराचा (घर-प्लॉटच्या प्रकल्पांवर लक्ष ठेवणारं राज्याचं प्राधिकरण) नोंदणी क्रमांक मागाच, 2017 पासून तो प्लॉटच्या योजनांनाही लागतो.