बी विंगचा ग्रुप : कमोड तुंबलंय, कुणाकडं तुंबलेलं काढायचा रबरी पंप आहे का?

बी-३०४ : सकाळी सकाळी असला विषय काढायलोय, माफ करा. हॉलकडच्या संडासचं कमोड तुंबलंय. फ्लश केलं की पाणी काठापर्यंत यायलंय, मग सावकाश उतरायलंय. रविवार म्हणून प्लंबर फोन उचलेना.

बी-१०२ : शुभ सकाळ टाकणार होतो, राहू द्या.

बी-२०१ : ॲसिडची बाटली ओता की अख्खी. अर्ध्या तासात मोकळं.

अण्णा बी-००१ : ॲसिड अजिबात नको! आत प्लास्टिक नाहीतर कापड अडकलं असलं तर ॲसिडनं ते विरघळत नाही. ॲसिड तसंच साठून राहतं, मग पंप मारताना तोंडावर उडतं. दुकानात बसून हे लई बघितलंय. ३०४, आधी काही टाकलंय का त्यात?

बी-३०४ : रात्री ब्लीचिंग पावडर टाकलीये थोडी.

अण्णा बी-००१ : मग तर बाटलीला हात लावू नका. पावडर अन् ॲसिड एकत्र आलं की क्लोरीन वायू सुटतो. एवढ्याशा संडासात जीव घुसमटतो. खिडकी उघडा, पंखा लावा.

अक्का बी-२०३ : मी भांड्याचं लिक्विड आणि गरम पाणी टाकते, तेपण नको?

अण्णा बी-००१ : अक्का, तुमचा उपाय चांगलाय. नुसती घाण नाहीतर कागद असला तर लिक्विड टाकून अर्धा तास थांबायचं अन् वरनं हाताला सोसेल एवढं गरम पाणी. उकळतं नको, कमोड तडकतं. पण ३०४ कडं पावडर आहे, त्यांनी गरम पाणीसुद्धा टाकू नये. १०४, २०४, तुमच्याकडं पाणी वर यायलंय का? गुडगुड आवाज?

बी-२०४ : नाही.

बी-१०४ : आमचंपण नीट जायलंय.

अण्णा बी-००१ : मग मेन लाइन मोकळी आहे. वरच्यांनी फ्लश केल्यावर १०४ ला पाणी चढलं असतं तर चेंबर तुंबलंय म्हणालो असतो. ३०४, अडकलंय ते तुमच्याच कमोडच्या बाकात, म्हणजे आतल्या वळणात.

बी-२०२ : तरीपण चेंबरमध्ये कुणाला तरी उतरवून बघू या की एकदा. दोनशे-तीनशे रुपयांत करतात.

सेक्रेटरी : माणूस उतरवायचा नाही, हे आधीच सांगतो. २०१३ चा कायदा आहे. संरक्षणाच्या साधनांशिवाय गटारात किंवा सेप्टिक टँकमध्ये माणूस उतरवला तर पहिल्याच वेळी दोन वर्षांपर्यंत कैद किंवा दोन लाखांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. आणि कायदा बाजूला ठेवा, आतल्या वायूनं माणसं मरतात. कधी चेंबर तुंबलंच तर जेटिंगची, म्हणजे जोरात पाणी मारून लाइन साफ करणारी गाडी बोलवू, खर्च सोसायटीचा.

बी-२०२ : बरं बाबा.

बी-३०४ : अण्णा, पंप आहे का तुमच्याकडं? टाकीत पाणी बेताचंच आहे, नळ मंगळवारी येणार.

अण्णा बी-००१ : पोराला पाठवा, देतो. आधी फ्लशच्या टाकीचा अँगल कॉक, म्हणजे टाकीला पाणी सोडणारा छोटा नळ बंद करा, नाहीतर कुणीतरी सवयीनं दाबतं अन् सगळं फरशीवर. रबराची वाटी पाण्यात पूर्ण बुडली पाहिजे. भोकावर चपखल बसवा, पहिला दाब हळू द्या म्हणजे आतली हवा निघून जाईल. मग पंधरा-वीस वेळा दाबा-ओढा. लोकं नुसतं दाबतात, त्यानं अडकलेलं अजून आत जातं. ओढण्यात खरा जोर लावा. उतरलं की फ्लश नको, बादलीनं पाणी ओतून बघा. आरओचं वाया जाणारं पाणी चालतंय त्याला.

बी-४०२ : आमच्याकडं पाणी वाचवायला एकच तांब्या टाकतात. त्यानं तुंबतं का?

अण्णा बी-००१ : तुंबतं की. घाण बाकातनं पुढं जाते अन् आडव्या पाइपात जाऊन बसते. उजनी धरण भरलं तरी नळाची वाट बघणं काही सुटलं नाही, त्यामुळं तुम्हाला तरी काय बोलणार. कपडे धुतलेलं पाणी साठवा अन् दिवसातनं एकदा अर्धी बादली एकदम ओता.

बी-२०१ : ॲसिडनं आत्तापर्यंत मोकळं झालं असतं.

सेक्रेटरी : २०१, पुरे.

बी-३०४ : निघालं निघालं!! कमोडच्या कडेला लटकवायच्या वडीचा प्लास्टिकचा पिंजरा होता. ओढताना वर आला, चिमट्यानं काढला. दोन बादल्या ओतल्या, सरळ जायलंय पाणी.

अक्का बी-२०३ : त्या वड्या मला आधीपासनंच आवडत नाहीत. वास दोन दिवस, पिंजरा जन्मभर.

अण्णा बी-००१ : छान. चिमटा परत स्वयंपाकघरात नेऊ नका म्हणजे झालं.

बी-१०२ : पंप मोकळा झाला असेल तर इकडं द्या हो, आमचं किचनचं सिंक तुंबलंय.

अण्णा बी-००१ : अहो, संडासातला पंप सिंकात घालता का! सिंकचा वेगळा असतो, सपाट वाटीचा. संध्याकाळी दुकानातनं घेऊन येतो. ३०४, माझा साबणानं धुऊन, गच्चीत उन्हात वाळवून मगच द्या.