प्रतिसाद: टोंगातली उतरंड

वर कोणीतरी म्हटलंय की टोंगात, म्हणजे प्रशांत महासागरातल्या त्या बेटांच्या राज्यात, राजा, सरदार आणि रयत अशी सरळ उतरंड आहे, पण घरात शिरलं की चित्र बदलतं, तिथे बहीण भावापेक्षा मानाने मोठी आणि आत्याचा मान तर सगळ्यात वरचा, पूर्वी तुई टोंगाची, म्हणजे राजाची, थोरली बहीण खुद्द राजापेक्षा वरच्या दर्जाची मानली जायची! जमिनीचा हक्क मात्र पुरुषांकडेच, हे मला फार खटकतं. १८६२ मध्ये पहिल्या टुपोउ राजाने रयतेला सरदारांच्या वेठीतून सोडवलं हे खरंच मोठं काम, तरी २०१० च्या राजकीय सुधारणेनंतरही संसदेच्या २६ निवडून येणाऱ्या जागांपैकी ९ सरदारांच्याच, आणि त्यांवरचे प्रतिनिधी निवडतात फक्त सरदारकीच्या ३३ पदव्यांचे मानकरी.