‘जन्मजात’ की ‘उपजत’ प्रतिकारशक्ती?

प्रश्न : लस किंवा आधीचा संसर्ग नसतानाही जी प्रतिकारशक्ती शरीरात मुळातच असते, तिला कुठे ‘जन्मजात’, कुठे ‘उपजत’, तर कुठे ‘सहज’ म्हटलेलं दिसतं. नेमका शब्द कोणता?

उत्तर : माझा आग्रह ‘उपजत’साठी आहे. ‘सहज’ व्युत्पत्तीने अचूक, पण आजचा वाचक त्याचा अर्थ ‘सोपं’ असाच घेणार. ‘जन्मजात’ तर वैद्यकात आधीच गुंतलेला आहे : जन्मजात हृदयदोष, जन्मजात बहिरेपणा. क्रॉनिक ग्रॅन्युलोमॅटस डिसीज हा आजार घ्या. त्यात न्यूट्रोफिल या उपजत व्यवस्थेतल्या पांढऱ्या रक्तपेशी जंतूला गिळतात, पण मारू शकत नाहीत, कारण त्यासाठी लागणारं विकर जनुकातल्या बिघाडामुळे नीट काम करत नाही. काही जिवाणू आणि बुरशी अशा रुग्णाला पुन्हापुन्हा गाठतात. हा उपजत प्रतिकारशक्तीचा जन्मजात दोष. दोन्हीकडे एकच शब्द वापरला, तर हे वाक्य लिहायचं कसं?

प्रश्न : पण ‘उपजत’ म्हटलं की ते बदलत नाही असं वाटतं. ही शक्ती तर शिकते म्हणतात.

उत्तर : शिकते, हे खरं. बीसीजी ही क्षयाची लस टोचल्यावर मोनोसाइट या उपजत व्यवस्थेतल्या पांढऱ्या रक्तपेशी काही काळ क्षयाखेरीज इतर जंतूंनाही जोरात प्रतिसाद देतात. १९७६ पासून हीच लस मूत्राशयाच्या वरच्या थरातल्या कॅन्सरवर थेट मूत्राशयात सोडतात. तिथे ती उपजत पेशींना जागं करते आणि मग उपजत व्यवस्थेबाहेरच्या, ठरावीक लक्ष्य ओळखणाऱ्या टी पेशीही कामाला लागतात. पण उपजत गळ्यावरही रियाजाचे संस्कार होतातच ना? म्हणून शब्द चुकीचा ठरत नाही.

आणखी एक शंका : प्रतिकारशक्ती स्वतःच्याच शरीरावर उलटते त्या ऑटोइम्यून आजारांसाठी ‘आत्मघाती’ चालेल?

उत्तर : नको. रुग्णाच्या कानाला तो शब्द फार क्रूर आहे. ‘स्वप्रतिकार’ पुरेसा आहे. मात्र फॅमिलियल मेडिटेरेनियन फीव्हर या पुन्हापुन्हा ताप आणणाऱ्या आनुवंशिक आजाराला तो लावू नये. तिथे स्वतःविरुद्धची प्रतिपिंडं नसतात, उपजत पेशीच विनाकारण दाह पेटवतात. अशा आजारांना १९९९ पासून इंग्रजीत ‘ऑटोइन्फ्लमेटरी’ असं वेगळं नाव आहे; मराठीत ‘स्वदाह’ रुळावा असं मला मनापासून वाटतं.

आणि ‘स्वप्रतिकार म्हणजे प्रतिकारशक्ती जास्त झाली’ ही व्याख्याही सोडून द्यावी. सी१क्यू हे उपजत व्यवस्थेतलं ‘पूरक’ (कॉम्प्लिमेंट) गटातलं प्रथिन मृत पेशींचा कचरा उचलायला मदत करतं. जन्मतः ते नसलेल्या बहुतेकांना ल्युपस हा स्वप्रतिकार आजार होतो; म्हणजे इथे काहीतरी जास्त नव्हे, कमी पडलेलं असतं.