गटातून बाहेर काढलेली मुलगी नव्या गटात का मिसळत नाही?

निशिगंध: माझ्या आठवीच्या वर्गातल्या एका मुलीला मैत्रिणींनी डबा खाताना बाजूला केलं, व्हॉट्सॲप ग्रुपमधूनही काढलं. आता दुसऱ्या मुलींत बसवलं तरी ती बोलत नाही, मधल्या सुट्टीत वाचनालयात जाऊन बसते. असंच झालेला त्याच वर्गातला एक मुलगा मात्र लगेच नवे मित्र करून मोकळा झाला. असा फरक का पडतो? आणि तिच्यासाठी काय करता येईल?

सह्यवारा: मेनर, डीवॉल आणि सहकारी या मानसशास्त्रज्ञांनी २००७ साली नेमकं हेच तपासलं. नाकारल्या गेलेल्या माणसाला नव्या लोकांची ओढ जास्त वाटते. पण ज्यांनी नाकारलं त्यांच्याबद्दल ती वाटत नाही. आणि आपल्याला लोक नावं ठेवतील अशी धास्ती ज्यांना मुळातच जास्त, त्यांच्यात ही ओढ दिसली नाही. तुमच्या वर्गातली ही मुलगी बहुधा यांतली. त्यामुळे 'जा, मिसळ' म्हणून काही होणार नाही, आधी धास्ती कमी व्हायला हवी. जुन्या मैत्रिणींना माफी मागायला लावून तिला परत तिथेच बसवू नका.

आडवाट: 'एवढंसं काय मनाला लावून घेतेस' हेही नको. मानसशास्त्रज्ञ किपलिंग विल्यम्स यांच्या सायबरबॉल प्रयोगात पडद्यावर तिघांत चेंडू फेकायचा असतो. सुरुवातीला एकदोनदा मिळाला की पुढे तुमच्याकडे येतच नाही. खेळ काही मिनिटांचाच, पण तेवढ्यात आपलेपणा, स्वतःची किंमत, गोष्टी आपल्या हातात असल्याची भावना, सगळं घसरतं. समोर फक्त संगणक आहे हे सांगूनही घसरतं! वगळणं लांबत गेलं की माणूस प्रयत्नच सोडतो, म्हणून परीक्षेनंतर बघू म्हणून थांबू नका.

वर्गात मानसशास्त्रज्ञ एलियट अ‍ॅरन्सन यांची १९७१ ची जिगसॉ पद्धत वापरा. पाच-सहा जणांचा गट, धड्याचे तितकेच भाग, प्रत्येकाकडे एकच. तिचा भाग तिच्याकडूनच कळणार, म्हणून इतरांना तिचं ऐकावंच लागतं. फसतं ते तयारीशिवाय बोलायला उभं केल्यावर: मूल अडखळतं, बाकीचे हसतात. म्हणून तोच भाग मिळालेल्या इतर गटांतल्या मुलांबरोबर तिला आधी तयारी करू द्या. गट तुम्हीच पाडा, मुलांना निवडायला लावलंत की ती पुन्हा शेवटी उरेल.

निशिगंध: थेट गटात घालू की आधी एखादी जोडीदार देऊ? वर्गातली सगळ्यांची लाडकी मुलगी चालेल?

आडवाट: आधी जोडीच. पण लाडकी मुलगी नको, तिच्याभोवती आधीच घोळका असतो. रोज शाळेत येणारी, शांत, जुन्या गटाशी फारसा संबंध नसलेली बघा. प्रयोगवहीचं काम द्या: एकीने मोजायचं, दुसरीने लिहायचं. दोन-तीन आठवडे जोडी बदलू नका आणि कारण वर्गात सांगू नका.

सह्यवारा: झोप, जेवण बिघडलं, शाळाच नको म्हणू लागली, तर पालकांना आणि समुपदेशकांना लगेच सांगा. जिवाचं बरंवाईट करण्याची भाषा आली तर तिला एकटीला सोडू नका. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर चोवीस तास चालू असतो, मराठीतही बोलता येतं.