'रिटेन्शन'ला मराठीत काय म्हणावं?

टाकदौत :
बॅक्युला या बॅकअप प्रणालीच्या पुस्तिकेचं भाषांतर तपासतोय. 'रिटेन्शन'ला सगळीकडे 'धारण कालावधी' लावलाय आणि एक वाक्य असं आहे : 'धारण कालावधी संपताच टेपवरील माहिती नष्ट होते.' हे साफ चूक आहे. फाइल, जॉब (बॅकअपची एक फेरी) आणि व्हॉल्यूम (ज्यावर बॅकअप लिहिला जातो ते माध्यम) अशा तीन वेगळ्या मुदती असतात. आपण काही ठरवलं नाही तर अनुक्रमे 60, 180 आणि 365 दिवस. पहिल्या दोन संपल्या की फक्त कॅटलॉगमधल्या, म्हणजे कशाचा बॅकअप कुठे आहे हे सांगणाऱ्या नोंदवहीतल्या, नोंदी जातात, टेपला धक्का लागत नाही. तिसरी संपली तरी टेप लगेच पुसली जात नाही. लिहायला दुसरी टेप उरलीच नाही तर ती पुन्हा वापरात येते. हे सगळं पेलेल असा शब्द हवाय.

रफार :
जतनमुदत. दप्तरी भाषेत 'जतन कालावधी' रुळलेला आहेच. 'धारण' वाचलं की जमीनधारणा आठवते.

अनुस्वार :
'जतन' आला 'यत्न'वरून, 'मुदत' अरबी. हा जोड कानाला खटकतो. शिवाय 'रिटेन्शन'च्या मुळाशी असलेला लॅटिन 'टेनेरे' म्हणजे धरणे, आणि 'धारण'मधला 'धृ' म्हणजेही धरणे. अर्थ नेमका जुळत असताना शब्द का बदलायचा?

रफार :
'मुदतठेव' खटकते का? तिथेही अरबीला मराठी जोडलंच आहे.

काठावरची :
समास राहू द्या, 'संपली' या क्रियापदाचं बघा. औषधाची मुदत संपली की ते टाकून देतात. इथे फाइलची मुदत संपली तर एकेक फाइल निवडून परत आणता येत नाही, पण जॉबची नोंद असेपर्यंत अख्खा जॉब आणता येतो. जॉबची नोंदही गेली तरी 'बीस्कॅन' या बॅक्युलाच्याच साधनाने टेप वाचून नोंदी कॅटलॉगमध्ये पुन्हा भरता येतात. वेळखाऊ आहे, पण होतं. 'मुदतबाह्य' असं छापलं तर वाचणारा चांगली टेप फेकून देईल. म्हणून पहिल्या दोघींना 'नोंदमुदत' आणि तिसरीला 'टेपराखण' म्हणावं.

टाकदौत :
'राखण' आवडला. पण व्हॉल्यूम म्हणजे दरवेळी टेपच नसते, डिस्कवरची फाइलही असते.

अनुस्वार :
मग व्हॉल्यूमला 'खंड' म्हणा आणि तिसरीला 'खंडराखण'. आणि मुदत मोजायची कधीपासून तेही लिहा : खंडावर शेवटचं लेखन झालं त्या क्षणापासून, पहिल्या लेखनापासून नव्हे.

काठावरची :
'30 दिवस राखण' लिहिलं की वाचणारा समजतो, 30 दिवसांपूर्वीची स्थिती परत मिळणार. आठवड्याला एक पूर्ण बॅकअप आणि रोज फक्त बदलांचा, अशी रचना असेल तर त्या दिवसाच्या बॅकअपला आधार देणारा पूर्ण बॅकअप 36 दिवस जुना असू शकतो. तो गेला की वरचे बदल निरुपयोगी. मुदत किमान 37 ठेवायला हवी. शब्द कोणताही घ्या, हे उदाहरण मात्र पुस्तिकेत हवंच.

रफार :
'रिटेन्शन पॉलिसी'तल्या 'पॉलिसी'ला 'धोरण'ही नको. धोरण बदललं की ते सगळ्यांना लागू होतं असं वाटतं. इथे पूलमधला (खंडांच्या गटाला ठरवून दिलेला) मुदतीचा आकडा 90 वरून 180 केला तरी जुन्या खंडांवर 90च राहतो, कारण खंड तयार होताना तो त्याच्या नोंदीत उतरतो. 'अपडेट' आज्ञा देऊन जुन्या खंडांवर नवा आकडा चढवावा लागतो. हे न केल्यामुळेच मुदत वाढवूनही जुना बॅकअप हातचा जातो. 'नियम' म्हणा.

अनुस्वार :
नियमही सगळ्यांनाच लागू होतो की! त्यापेक्षा 'प्रून' आणि 'पर्ज' या नोंदी काढायच्या दोन आज्ञांचं काय केलंय? दोन्हींना 'छाटणी' दिलं असेल तर घात आहे. प्रून मुदत पाहून नोंदी काढतं, पर्ज मुदत न पाहता.

टाकदौत :
प्रूनला 'छाटणी', पर्जला 'सफाई' आहे.

काठावरची :
'सफाई' फार निरुपद्रवी वाटते. वाचणारा बिनधास्त दाबेल आणि खंड पुन्हा लिहायला मोकळा होईल. 'नोंदी समूळ काढणे' असं लांबलचक लिहा.

रफार :
बटणावर मावणार नाही. 'निर्मूलन'?