गणपतीला गावी जातोय, घराचं काय करू?

डोंबिवली पूर्व, चार मजली जुनी बिल्डिंग, वॉचमन नाही. आम्ही तिसऱ्या मजल्यावर. गणपतीला सात दिवस देवगडला जातो. यंदा समोरचेही राजापूरला चाललेत, म्हणजे मजला रिकामा. मागच्या गल्लीत भरदुपारी दोन घरं फुटली. बायको म्हणते कॅमेरा लावा, मी म्हणतो मोठं कुलूप आणतो. पाच हजारांत काय होईल?

उत्तर १: कॅमेराच लावा. मोबाईलवर सगळं दिसतं.

प्रश्नकर्ता: आमच्या वाडीत रेंजसाठी फणसाखाली जाऊन उभं राहावं लागतं हो.

उत्तर २: मोठ्या कुलपाचं सांगतो, कारण आमचं फुटलंय. बदलापूर, मे महिना, आम्ही लग्नाला गेलेलो. परत आलो तर सात लिव्हरचं कुलूप बंदच्या बंद, कोयंड्यासकट लादीवर पडलेलं! कुलपाला ओरखडा नाही. कोयंडा अर्ध्या इंचाच्या चार स्क्रूंवर होता, कटावणी घातली की संपलं. वर शेजारच्या दोन्ही दारांना चोरांनी बाहेरून कड्या घातलेल्या, आवाज झाला तरी कुणी बाहेर येऊ नये म्हणून. तेव्हा वरच्या-खालच्या मजल्यावर जे घरी असतील त्यांना सांगून त्यांच्या दाराची बाहेरची कडीही काढून घ्या.

कोयंडा ठेवायचाच असेल तर आरपार नटबोल्टने बसवा, नट आतून. त्यापेक्षा दाराच्या आत बसणारं लॉक बरं. बाहेर कुलूप लोंबत नाही, त्यामुळे घर बंद आहे हे जिन्यातून कळत नाही. पण नुसतं दार ओढून निघू नका, किल्ली फिरवा. दूध-पेपर बंद करा. आणि मोदकांचे फोटो स्टेटसला परत आल्यावर टाका, वहिनींनाही सांगा.

उत्तर ३: दागिने लॉकरमध्ये ठेवणार असाल तर एक लक्षात घ्या. 1 जानेवारी 2022 पासूनच्या रिझर्व्ह बँकेच्या नियमांनुसार लॉकरमधून चोरी झाली तर बँकेची जबाबदारी वार्षिक भाड्याच्या शंभर पटीपर्यंतच. भाडं 2000 असेल तर 2 लाख. म्हणून पावत्या आणि दागिन्यांचे फोटो वेगळे ठेवा. तक्रार देताना वजन विचारतात, तेव्हा काही आठवत नाही.

प्रश्नकर्ता: आज सुतार आला होता. आमच्या कोयंड्याचा एक स्क्रू त्याने नखाने काढून हातावर ठेवला. बायको माझ्याकडे बघत होती. लॉक उद्या बसतंय.