लिनक्स मिंट : वायफाय फक्त राउटरशेजारीच चालतं, मदत हवी आहे

मंडळी, मुलीच्या जुन्या लॅपटॉपवर विंडोज रांगायला लागलं म्हणून मिंट २२ टाकलं. बाकी सगळं झकास, पण वायफायने जीव काढलाय. हॉलमध्ये राउटरपाशी सिग्नल उणे ५० डीबीएम (हा आकडा शून्याच्या जितका जवळ, तितका सिग्नल चांगला). मधली एक भिंत ओलांडून आतल्या खोलीत गेलं की थेट उणे ८६, आणि थोड्या वेळात कनेक्शन गायब. त्याच पलंगावर माझा मोबाइल आरामात व्हिडिओ दाखवतो. विंडोज होतं तेव्हा ती तिथेच बसून ऑनलाइन क्लास करायची, त्यामुळे कार्ड मेलंय असं मानायला मी तयार नाही.

एलएसपीसीआयमध्ये (हार्डवेअरची यादी दाखवणारी कमांड) वायफाय कार्ड आरटीएल८७२३बीई दिसतं, ड्रायव्हर त्याच नावाचा, लोड झालेला. आरएफकिलमध्ये (वायफाय बंद करून ठेवलंय का ते दाखवणारी कमांड) ब्लॉक काही नाही. नेटवर्कमॅनेजरच्या फाइलमध्ये पॉवरसेव्ह ३ चं २ केलं, म्हणजे वायफायची वीजबचत बंद केली, तर तुटणं जरा कमी झालं, सिग्नल तसाच. राउटरचं चॅनल ११ वरून १ केलं, फरक शून्य. कार्ड २.४ गिगाहर्ट्झचंच, म्हणजे ५ चा रस्ताही बंद.

‘यूएसबी डोंगल घ्या’ हा सल्ला कृपया नको. दोनच पोर्ट आहेत, त्यातला एक ढिला. ड्रायव्हरमध्येच काही करता येईल का?

प्रतिसाद १ :
अँटेनाचा घोळ दिसतोय. या कार्डावर अँटेनाच्या दोन जागा असतात, पण काही लॅपटॉपांत वायर एकाच जागी जोडलेली असते. कुठल्या, ते ड्रायव्हर कार्डातल्या नोंदीवरून ठरवतो. नोंदच चुकीची असली की तो रिकाम्या टोकाला कान लावून बसतो! आधी तात्पुरतं करून बघा :

सुडो मॉडप्रोब -आर आरटीएल८७२३बीई
सुडो मॉडप्रोब आरटीएल८७२३बीई अँट_सेल=२

(अर्थात टर्मिनलमध्ये रोमन अक्षरांत. पहिली ओळ ड्रायव्हर काढते, दुसरी तो अँटेनाची जागा सांगून परत लोड करते.) २ ने नाही झालं तर १. जो आकडा चालेल तो ‘ऑप्शन्स आरटीएल८७२३बीई अँट_सेल=२’ अशा एका ओळीत, ईटीसीमधल्या मॉडप्रोब.डी फोल्डरात .कॉन्फ फाइल करून ठेवा.

धागाकर्ता :
अहो, कमाल! २ ने काही झालं नाही, १ टाकल्यावर त्याच पलंगावर उणे ५८. फाइल करून ठेवली. कर्नल (सिस्टिमचा गाभा) अपडेट झाला की हे परत करावं लागेल का?

प्रतिसाद १ :
नाही. कर्नल अपडेट त्या फाइलला हात लावत नाही. मिंट पुसून नव्याने टाकलंत तरच परत करावं लागेल.